फुटक्या पाटीची खुर्ची

सोमवार, १४ जानेवारी १८८९

माझ्या भावाने, एमरिसने, आज खाणीतून येताना मेळ्याची जाहिरात आणली आणि पायातले बूट न काढताच मोठ्याने वाचली. ईस्टरच्या सोमवारी गावचा काव्यमेळा. पहिल्या येणाऱ्या कवीला मानाची खुर्ची, तिचा विषय ‘खाण’. कविता जुन्या बांधीव छंदात हवी, दोनशे ओळींच्या आत, आणि एक मार्चपूर्वी दुकानदार हिऊकडे, गाव ज्याला हिऊ दुकान म्हणतं, पोचती करायची. एलिस सुताराने खुर्चीसाठी ओकचं लाकूड आणलंसुद्धा म्हणे.

‘हा तर घरचाच विषय,’ एमरिस म्हणाला. ‘बारा वर्षं तोच पाटीचा दगड फोडतोय. मारेद, चांगला कागद आणून ठेव.’

कागद मी आणायचा, कारण मेळ्याला जाणारी त्याची प्रत दरवर्षी सुवाच्य मीच लिहायची. सात वर्षं हे चाललंय. खाणीतले लोक दुपारी खोपटात डबा खाता खाता एकमेकांना कविता म्हणून दाखवतात. एमरिस तिथे चार ओळी जुळवतो आणि संध्याकाळी घरी आणतो, त्या लंगडतच येतात. मी त्यांना चालतं करते आणि दुसऱ्या दिवशी खोपटात टाळ्या पडतात त्याला. त्या खोपटात बाईने पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे. माझ्या ओळी मात्र रोज जाऊन येतात.

बाबांनी छंद शिकवला तो एमरिसला. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या दोऱ्याला मेण लावायचे आणि ऐकायचे. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जे आवाज येतात, तेच दुसऱ्या अर्ध्यात उमटायला हवेत. बाबा बूट शिवणारे, त्यांची भाषा तीच: ‘डाव्याला टाके तेवढे उजव्याला.’ एमरिस आजतागायत एका पायात बूट घालून दुसरा अनवाणी चालतोय.

मी म्हणाले, ‘यंदा मी लिहून देणार नाही.’

‘का? हात दुखतोय?’

‘हो. आणि सुधारूनही देणार नाही.’

‘मग डोकंपण दुखतंय वाटतं,’ म्हणत तो जेवायला बसला. आई चुलीशी होती. ती बोलतच नाही, बोलली तर टोमणा मारते.

खुर्चीसाठी मी लिहिणार आहे. लिहून टाकलं इथे. आता माघार नाही.

बुधवार, १६ जानेवारी

मोठ्या तोऱ्यात लिहिलं परवा. पण मी खाण आतून पाहिलेली नाही. स्फोटाचा भोंगा वाजला की चुलीवरचं झाकण सावरायचं, एवढीच माझी खाणीशी ओळख. मग मी काय लिहिणार?

शिवणाचं काम बाजूला ठेवून दुपारभर विचार केला. खाण मी पाहिली नाही, पण खाण दर शनिवारी माझ्या घरी यायची. ईवान यायचा ना अंगावर घेऊन. लग्नाला चार वर्षं झाली आणि तो गेला, छातीत धूळ साठून. डॉक्टर म्हणाला, थंडीने. खाणीच्या मालकाचा डॉक्टर दुसरं काय म्हणणार? ईवानचे कपडे मी धुवायचे तेव्हा टबाच्या तळाशी निळा गाळ बसायचा. तो मी मागच्या दारी ओतून द्यायचे. चार वर्षं मी माझा नवरा थोडा थोडा करून मागच्या दारी ओतत होते आणि मला कळलं नाही.

हीच कविता आहे. हे लिहिताना रडले, पण रडणं छंदात बसत नाही, म्हणून डोळे पुसले आणि कामाला लागले. कागद महाग आहे. खाणीतून फेकून दिलेल्या फुटक्या पाट्या परसात पडल्यात, त्यांच्यावर लिहिते आणि पुसते.

रविवार, ३ फेब्रुवारी

रविवारी लिहिणं पाप. लिहिते.

सकाळी चॅपेलमध्ये पाद्री पेनान्ट दीड तास विनयावर बोलले. बायकांच्या. माझ्या समोरच्या भिंतीवर बाबांचे दोन चरण कोरलेली शिळा आहे. खाणीत गेलेल्यांसाठी त्यांनी केलेले. त्यातलं शेवटचं ‘दगडाखाली निजला जीव’ अख्ख्या गावाला पाठ आहे. मी ते वाचत बसले आणि विनय टाळला.

घरी येताना आईला म्हणाले, ‘बाबांचं ते किती साधं आहे नाही?’

‘चुकलंय ते,’ आई म्हणाली. ‘“दमला” आहे तिथं. दगडाखाली दमला जीव. तुझ्या बाबांच्या तोंडात “निजला” बसलं ते बसलंच. कितीदा सांगितलं त्यांना.’

आता काय म्हणावं हिला! बाबांनी मेळ्यांत मिळवलेले सात बिल्ले भिंतीवर लटकतायत, शिळेवर अक्षरं कोरलीत, आणि हिला साधी सही येत नाही. ही बाबांना सुधारणार.

(‘दमला’ जास्त चांगलं आहे हे खरं. दगड, दमला. पण ते योगायोगाने.)

मंगळवार, १२ फेब्रुवारी

एकशे चाळीस ओळी झाल्या. मधली एक ओळ काही केल्या उभी राहीना. ‘पाण्यात धूळ, धुळीत धनी.’ मोठ्याने वीसेक वेळा म्हणून पाहिली. एमरिस खाणीत, म्हणून मोकळेपणाने म्हणता येतं. आई पलीकडे बटाटे सोलत होती.

‘पाण्यात कशाला?’ तिकडून आवाज आला. ‘धुण्यात म्हण की.’

धुण्यात धूळ, धुळीत धनी.

मी उठून तिच्याकडे गेले. ‘आई, हे तुला कसं सुचलं?’

‘सुचायचं काय त्यात? धुणं मीपण करते,’ ती म्हणाली आणि सालं गोळा करून उठली.

कधी कधी अडाणी माणसाच्या तोंडून सोनं पडतं, हे खरं.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

दिली.

साबण घ्यायच्या निमित्ताने हिऊ दुकानकडे गेले. गल्ल्याशेजारी मेळ्याची पेटी ठेवलीय, कारण हिऊ मेळ्याचा चिटणीस. दुकान चहा-साबणाचं, पण मिजास राजदूताची. तो आत साखर तोलायला वळला तेवढ्यात पाकीट पेटीत टाकलं. कवितेवर फक्त टोपणनाव: फुटकी पाटी. खरं नाव वेगळ्या लिफाफ्यात लाख लावून बंद केलेलं. तो लिफाफा व्यासपीठावरच उघडायचा अशी रीत आहे. त्याआधी टोपणनाव पुकारतात, तुतारी वाजते, आणि ज्याची कविता तो लोकांमधून उभा राहतो.

उभा राहतो. आजवर गावात उभी राहिलेली नाही.

एमरिसनेही दिली. टोपणनाव ‘डोंगरचा गरुड’. यंदा स्वतःच्या हातांनी लिहिली बिचाऱ्याने. कोंबड्या नाचून गेल्यासारखी दिसते. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

शनिवार, ६ एप्रिल

संपलं सगळं.

एमरिस दुपारीच उड्या मारत आला. परीक्षकांचं पत्र हिऊकडे आलं. हिऊने त्याला दुकानाच्या मागे नेलं, कुणाला सांगू नकोस म्हणाला आणि सांगितलं, ‘पोरा, यंदा खुर्ची तुझी. परीक्षकांनी पहिली लावलीय. टोपणनाव कसलंही असो, अक्षर बघताच मी ओळखलं.’

एमरिसने मला उचलून गरकन फिरवलं. ‘बघितलंस? तुझ्या मदतीशिवाय! एकट्याने!’

मी हसले. तोंड भरून अभिनंदन केलं. मग परसात जाऊन सगळ्या पाट्या पुसल्या. गरुडाला जे दिसलं ते मला दिसलं नसणार. मी टबात बघत बसले, तो कड्यावरून बघत होता. परीक्षक काही मूर्ख नाहीत.

आई मागे येऊन उभी राहिली. ‘मारेद, एमरिसचं अक्षर हिऊने यापूर्वी कधी पाहिलंय गं?’

‘मला एकटीला राहू दे,’ मी खेकसले. जिला अ की आ कळत नाही, ती अक्षरावर बोलणार!

ती आत गेली.

शनिवार, २० एप्रिल

आजच लिहायला हवं.

चारच्या सुमारास पाद्री पेनान्ट चहाला आले. त्यांनाही हिऊने सांगितलंय. हिऊच्या पोटात तीळ भिजत नाही. मी मनुकांचा पाव कापत होते. एमरिस नव्या कॉलरमध्ये ताठ बसला होता.

‘एमरिस,’ पाद्री म्हणाले, ‘परीक्षकांचा अभिप्राय मी वाचला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लिहिलंय, विधवेच्या मनात शिरून बोलणं कोणत्याही स्त्रीला जमलं नसतं, ते या पुरुषाने करून दाखवलं. आणि ती ओळ! “धुण्यात धूळ, धुळीत धनी.” अरे, हे तुला सुचलं कसं?’

माझ्या हातातली सुरी पावात तशीच राहिली.

एमरिसने माझ्याकडे पाहिलं. त्याला तो टब माहीत आहे. ईवानच्या प्रेतालाही त्याने खांदा दिलाय. त्याला सगळं कळलं, त्याच क्षणी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

‘सुचलं... असंच,’ तो म्हणाला.

चहाच्या किटलीचं झाकण आईच्या हातून पडलं आणि फुटलं.

पाद्री गेल्यावर मी कधी नव्हे एवढी ओरडले. ‘माझा नवरा होता तो! तुझी ओळ नाही ती, तुझा टब नाही, तुझा माणूस मेला नाही!’

‘हळू बोल, भिंतीपलीकडे लोक आहेत.’

‘ऐकू देत!’

एमरिस रागावलाही नाही, हेच वाईट. तो हात जोडून विनवत होता. ‘मारेद, गावभर झालंय. खोपटात मला खांद्यावर घेतलंय त्यांनी. आता मी कोणत्या तोंडाने जाऊ? तू उभी राहिलीस तर लोक टाळ्या वाजवतील असं वाटतं तुला? पाद्री बुधवारच्या बैठकीत तुझं नाव काढतील. चॅपेलमधून बाहेर. शिवायला कपडे कोण देईल मग? मी उभा राहतो. खुर्ची याच घरात येईल. तुला हवं तेव्हा बस.’

‘हवं तेव्हा बस!’ चोर तो चोर, वर शिरजोर, तोही इतक्या मायेने.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर.

चॅपेलला गेले नाही. पोटात दुखतंय असं सांगितलं.

एमरिस म्हणाला त्यातलं अर्धं खरं आहे. कपडे येणार नाहीत. मी छत्तीस वर्षांची, घर भावाचं. आणि भाऊ वाईट नाही, ईवान गेला तेव्हा त्यानेच मला इथे आणलं. त्याची मान मी अख्ख्या गावासमोर खाली घालायची?

आईला विचारलं. शेवटी तिलाच. ‘तू सांग, काय करू?’

ती चुलीत बघत राहिली. ‘मला विचारू नकोस, मारेद. मी त्या वेळी काही बोलले नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू?’

कोणत्या वेळी, ते काही बोलली नाही. वय झालंय, विचाराचा धागा सुटतो तिचा. मला राग आला. एकदाच मागितलेला सल्ला, तोही मिळाला नाही.

म्हणून मीच ठरवलं. ईवानची धूळ मी एकदा मागच्या दारी ओतली. दुसऱ्यांदा ओतणार नाही.

मंगळवार, २३ एप्रिल

कालचं आज लिहितेय. काल लिहिण्याजोगी अवस्थाच नव्हती.

मंडप भरलेला. पुढे खाणीतले लोक, मधे एमरिस. बायका मागे, टोप्यांचा नुसता मळा. मी खांबाशी, आई माझ्या शेजारी. परीक्षक बाहेरगावचे, दाढीवाले. आधी पडलेल्या कवितांवर बोलले. ‘डोंगरचा गरुड’वर म्हणाले, हा पक्षी अजून अंड्यात आहे. लोक पोट धरून हसले. हिऊ दुकान सगळ्यांत जास्त हसला. एमरिसचे कान मागूनही लाल दिसत होते.

मग ‘फुटकी पाटी’. वीस मिनिटं बोलले ते. पुरुषाच्या प्रतिभेबद्दल बरंच. मग तुतारी वाजली. ‘फुटकी पाटी, आणि फक्त फुटकी पाटी, उभी राहा.’

सगळ्यांनी माना वळवल्या, एमरिसकडे. शेजारचे त्याला ढोसायला लागले. ‘ऊठ की रे! लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा!’ तो बाक धरून बसला होता. मी अजून उठले नव्हते. खरं लिहायचं वचन आहे म्हणून लिहिते: पाय उचलेनात. तो उठला असता तर मी कदाचित बसूनच राहिले असते.

तो उठला नाही. ‘मी नाही,’ म्हणाला. अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ‘मी नाही तो.’

मग मी उभी राहिले.

आधी हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, ‘मारेद, खाली बस, भावाला चक्कर आली असेल तर पाणी दे.’ मी चालायला लागले. मधल्या वाटेने, तेवढ्या माणसांतून. हसणं ओळीओळीने बंद पडत गेलं. पायऱ्या चढले. परीक्षक म्हणाले, ‘बाई, कवी आजारी आहेत का?’

‘कवी बरी आहे,’ मी म्हणाले. ‘लिफाफा उघडा.’

उघडला. त्यांनी वाचलं आणि परत वाचलं. मग नाव मोठ्याने वाचावंच लागलं. पुढच्या रांगेत पाद्री पेनान्ट उठून उभे राहिले, बोलायचं होतं त्यांना, पण समारंभाची रीत मधे आली. कवीच्या डोक्यावर तलवार अर्धी म्यानाबाहेर काढतात आणि लोकांना तीनदा विचारतात. तिन्ही वेळा लोकांनी ‘शांतता’ म्हटलं की तलवार परत म्यानात, आणि कवी खुर्चीत. तलवार हिऊकडे होती.

‘शांतता आहे का?’ हिऊ ओरडला.

मंडपात कुणी खोकलंदेखील नाही.

‘शांतता आहे का?’

तेच. बायकांकडेही तेच. हिऊच्या कपाळावर घाम आला. तलवार त्याला पुरती उपसता येईना आणि परत घालता येईना. लोक ठरवून गप्प बसले होते. गप्प राहूनच मला खाली उतरवणार होते, कुणाचाही हात न लागता.

‘शांतता आहे का?’ तिसऱ्यांदा.

‘नाही!’ मी म्हणाले.

रीत अशी नाही. कवीने बोलायचं नसतं. पण कुणीच बोलेना, तर मी काय करू?

‘नाही. माझ्याकडे तर सात वर्षं नाही. ईवान गेला त्या दिवसापासून नाही. तुमच्या घरी आहे का? आल्वेन, तुझ्याकडे आहे? तुझाही टब निळाच होता. ज्यांच्याकडे असेल त्यांनी खुशाल म्हणू नये. मी बसतेय.’

आणि बसले. तलवार अजून डोक्यावरच होती. खुर्ची मोठी, पाय जमिनीला टेकेनात.

किती वेळ गेला माहीत नाही. मग मागून, टोप्यांच्या मळ्यातून, आल्वेनचा आवाज आला. दोन मुलगे गेलेत तिचे. ‘शांतता!’ असं तिने किंचाळून म्हटलं, शिवी दिल्यासारखं. मग दुसरी, मग दहा. मग एमरिस उभा राहिला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, पण उभा राहिला आणि ओरडला, आणि त्याच्यामागे सगळं खोपट. शेवटी तंबूचे खांब हलले म्हणतात. हिऊने तलवार म्यानात घातली आणि मटकन खाली बसला.

आईकडे पाहिलं. ती ओरडत नव्हती. नुसती बघत होती, माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.

बुधवार, २४ एप्रिल

काल संध्याकाळी खोपटातल्या सहा जणांनी खुर्ची घरी आणली आणि ती दारातून आत जाईना. उभी, आडवी, तिरकी, सगळी करून पाहिली. एलिस सुतार म्हणाला, खुर्चीचे हात कापतो आणि आत गेल्यावर परत जोडतो.

‘हात लावायचा नाही,’ आई म्हणाली. इतक्या करड्या आवाजात तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. खुर्ची गल्लीतच राहिली.

एमरिस सकाळी खाणीत गेला. माझ्याशी बोलला नाही, पण डबा घेऊन गेला. आज एकही कपडा शिवायला आला नाही, दोन मात्र परत मागून नेले. संध्याकाळी चॅपेलची बैठक आहे, माझ्या नावाची. जाणार आहे. टोपीला नवी फीत लावून जाणार आहे.

दहाच्या सुमारास बाहेर पाहिलं तर आई खुर्चीत बसलेली. बटाट्यांची टोपली मांडीवर नाही, विणकाम नाही, काही नाही. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. खरं सांगते, मला आवडलं नाही. मी स्वतः अजून तिच्यात पाच मिनिटांवर बसले नव्हते. गुडघे दुखत असतील तर घरात बाक आहे. उठवायला दाराशी गेले, तर गल्लीतून पाद्री पेनान्ट येत होते.

ते थांबले. ‘लाउरीबाई, गुडघे दुखतायत वाटतं. पण ती खुर्ची कवीची असते.’

‘माहीत आहे मला कुणाची असते,’ आई म्हणाली. ‘म्हणूनच बसलेय. चाळीस वर्षं उभी होते.’

पाद्रींना काही कळलं नाही. मान हलवून पुढे गेले. मलाही लगेच कळलं नाही. मी दारात उभी राहून मागे मोजत गेले: ईवान, माझं लग्न, माझा जन्म, त्याच्याही मागे. चाळीस वर्षांपूर्वी बाबांना कवितेचा पहिला बिल्ला मिळाला होता.

मी उंबऱ्यावर बसले. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी तिला ऊठ म्हणाले नाही.